आत चल, अक्का

"बाथरूमला आतून कडी नाही का गं?" मी केतकीला विचारलं.

केतकी ओट्याशी पाठमोरी उभी होती. हातातलं लाटणं थांबलं. "होती," ती म्हणाली. "काढलीय."

दारावर कडीच्या जागी स्क्रूची नुसती भोकं उरली होती. झोपायच्या खोलीच्या दाराचीही तीच गत, हे मी सकाळीच पाहिलं होतं, पण तिथली कडी मोडली असेल असं मनात आलं होतं.

"मीच काढली, अक्का," बाहेरच्या खोलीतून महेंद्रचा आवाज आला. माझा धाकटा भाऊ. दाराशी येऊन उभा राहिला आणि हसला. "पाचवा महिना आहे तिला. आत चक्कर येऊन पडली आणि दार लावलेलं असलं, तर मी काय करायचं? फोडत बसू?"

बोलणं चुकीचं नव्हतं. महेंद्रचं कुठलंच बोलणं कधी चुकीचं नसायचं. जयसिंगपुरात स्टँडजवळ त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि शिरोळ रोडला उसाच्या रानाला लागून त्यानं हे नवं घर बांधलं होतं. आसपासच्या शेतकऱ्यांत त्याच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस शोधून सापडला नसता. ऐन उन्हाळ्यात कुणाची मोटार जळाली तर जेवण टाकून धावायचा. केतकीशी लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. लग्नात सगळे म्हणत होते, पोरीनं नशीब काढलं.

मी इचलकरंजीहून आदल्याच दिवशी आले होते. त्यानंच फोन करून बोलावलं होतं. आई लहानपणीच गेलेली, वडील, आमचे तात्या, तेही गेले, तेव्हा बायकोच्या बाळंतपणात घरचं मोठं माणूस म्हणून मीच. मला बरंच वाटलं होतं.

"अक्का, जरा बाहेर ये," तो म्हणाला.

आम्ही व्हरांड्यात आलो. त्यानं गेटकडं पाहिलं, मग माझ्याकडं. डोळ्यांत पाणी होतं.

"फोनवर बोललो नाही सगळं. तिचं डोकं ठिकाणावर नाही, अक्का. परवा म्हणाली, जगून काय करायचंय. जिवाचं काहीतरी करून घेईल अशी भीती वाटते मला. रानात विहीर आहे, घरात रॉकेल आहे, मी दिवसभर दुकानात. तू लक्ष ठेव. शेजारच्या काकूंच्या कानावर घातलंय, दुकानातल्या माणसांना सांगितलंय. सगळ्यांना माहीत असलेलं बरं."

"बरं," मी म्हटलं.

"गेटला कुलूप असू दे. ही किल्ली. तुझ्याजवळच ठेव."

मोटारसायकल गेली. मी कुलूप लावलं, आत आले, पाणी प्यायले, परत बाहेर गेले. परत आत आले. तो बोलून गेल्यापासून मला एका जागी बसवेना. टीव्ही लावला, बंद केला. व्हरांड्याच्या खांबाला कुत्र्याची साखळी नुसतीच लोंबत होती.

"कुत्रं कुठं गेलं गं?" मी आत येऊन विचारलं.

"नाही आता," केतकी म्हणाली.

"मेलं?"

तिनं मान हलवली, होय म्हणून. कसं ते सांगितलं नाही. बोलताना तिचा आवाज घोगरा येत होता, मधेच तुटत होता. ऐन एप्रिलमध्ये तिनं गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळून घेतली होती.

"सर्दी झालीय का?"

"होय. घसा बसलाय."

एवढ्यात हॉलमधला फोन वाजला, आणि ती पाचवा महिना लागलेली पोर अशी धावली की पाटाला अडखळून पडता पडता वाचली. कणकेच्या हातानंच रिसीव्हर उचलला. "हो. हो, आहेत. चपात्या करतेय. नाही, कुणी नाही आलं." रिसीव्हर ठेवला, पुसला, आणि परत ओट्याशी गेली.

"महेन होता?"

"होय."

"काय म्हणत होता?"

"काही नाही. काय करतेस म्हणून."

जेवणापर्यंत तो फोन पुन्हा पुन्हा वाजला. दर वेळी ती तशीच धावली. तिचा मोबाईल दुरुस्तीला टाकलाय म्हणाली. कधी टाकला, तर दिवाळीत.

दुपारी तो जेवायला आला तो डाळिंब घेऊन. स्वतः सोलून, वाटीत दाणे काढून तिच्यापुढं ठेवले. "खा," म्हणाला. तिनं एक दाणा तोंडात टाकला, आणि तो गिळताना तिची मान वाकडी झाली. चपातीला तिनं हात लावला नव्हता, नुसता दूधभात कालवून पातळ करून घेतला होता. तो तिच्या तोंडाकडं बघत बसला. दाणे संपेपर्यंत उठला नाही.

तो गेल्यावर मी कुंपणापाशी गेले. पलीकडं काकू शेवया वाळत घालत होत्या.

"जपा हो तिला," काकू हळूच म्हणाल्या. "महेंद्र सांगत होता सगळं. बिचारा रडत होता. पूर्वी यायची आमच्याकडं, पाककृती विचारायची. हल्ली येतच नाही. हाक मारली तर आत जाते."

"तुमच्याशी बोलताना कधी वेड्यासारखं काही बोलली?"

काकूंनी आठवून पाहिलं. "नाही हो. पण नवराच सांगतोय म्हटल्यावर..."

मी तेलाची वाटी घेतली आणि केतकीला म्हटलं, बस, केस चोपडते. ती नको नको म्हणत होती. मी तिला खाली बसवली, मागं स्टुलावर बसले. वेणी सोडली. केस पुढं घ्यायला म्हणून ओढणी बाजूला केली, आणि माझा हात तिथंच राहिला.

कानाच्या खाली, दोन्ही बाजूंना, हिरवट पिवळे डाग होते. बोटांएवढे. मी तिची हनुवटी धरून तोंड माझ्याकडं वळवलं. डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्ताचा ठिपका होता. सकाळपासून ती माझ्याकडं बघून बोलत का नव्हती, ते कळलं.

"कधी?"

तिनं ओढणी परत वर ओढली.

"हातानं?"

तिनं मान हलवली.

"डोळ्यांपुढं अंधार आला होता?"

"होय."

"कपड्यात लघवी झाली?"

तिनं एकदम वर पाहिलं. चेहरा लाजेनं लाल झाला. "तुम्हाला कसं कळलं, वन्सं?"

मी तिचं तोंड परत पुढं वळवलं. केस हातात घेतले आणि तेल चोळायला लागले.

"कशावरून झालं?"

"बाळंतपणाला माहेरी जाते म्हटलं. लवकरच जाते म्हटलं. एवढंच. आधी थोबाडीत मारायचे, हात पिरगळायचे. मग रडायचे, पाया पडायचे, साडी आणायचे. गळा पहिल्यांदाच." आवाज तुटला. तिनं थुंकी गिळली आणि तोंड वाकडं केलं. "आईला फोनवर सांगायला गेले तर ते स्पीकर लावून शेजारी बसले. आई म्हणाली, पहिलं मूल झालं की पुरुष निवळतो."

"जगून काय करायचं, असं तू म्हणाली होतीस?"

"मी?" ती वळली. तेलानं ओघळलेले केस तोंडावर आले. "मी कशाला म्हणेन? मला बाळ हवंय, वन्सं. तेच मरणाचं बोलत होते. तू मेलीस तर लोक काय म्हणतील ठाऊक आहे का, म्हणून विचारत होते. हसत होते."

मी उठले. खिडकीशी गेले, रस्ता पाहिला, परत आले. उसाचा एक ट्रॅक्टर गेला. मी परत खिडकीशी गेले.

"तुम्ही त्यांना सांगणार का?" तिनं विचारलं. "तुम्ही बहीण आहात त्यांची."

"उद्या तू इथून जायचंस," मी म्हटलं. "माहेरी नाही. तिथं तो आधी येईल. माझ्याकडं तर नाहीच. दुसरं कोण आहे तुझं, ज्यांचं घर त्यानं पाहिलेलं नाही?"

बराच विचार करून ती म्हणाली, "निपाणीला मावशी आहे. लग्नाला आली नव्हती. आईशी बोलत नाही."

"तीच बरी."

"तुम्ही माझ्यावर विश्वास कशाला ठेवताय?" तिनं विचारलं.

"आधी जा. मग सांगेन."

मागच्या अंगणात जाऊन मी माझ्या मोबाईलवरून यजमानांना फोन लावला. ते इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला होते, पाठीमागं खडखडाट चालला होता. मी काय सांगतेय ते त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग ते मागापासून लांब गेले असावेत, कारण आवाज कमी झाला.

"अगं, पण महेन?" ते म्हणाले. "आपला महेन?"

"होय. तुम्ही उद्या सकाळी मित्राची गाडी घेऊन या. सांगलीला सरकारी दवाखान्यात आधी न्या तिला. गळा दाखवा, लिहून घ्या त्यांच्याकडून. मग पोलिसांत. मग निपाणी."

"आणि तू?"

"मी येते मागनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी महेंद्र निघेचना. आंघोळ झाली, चहा झाला, पेपर झाला. मोटारसायकल चालू केली, बंद केली, रुमाल राहिला म्हणून आत आला. परत गेला, परत आला.

"अक्का, आज काय करणार?"

"मेथी आणलीय. निवडते. तिचे पाय सुजलेत, झोपू दे तिला."

त्यानं केतकीच्या डोक्यावरून हात फिरवला. ती ताठ उभी राहिली. "झोप हं," तो म्हणाला. शेवटी गेला.

गाडी काकूंच्या घराच्या पलीकडं, वळणावर थांबली होती. केतकीनं फक्त दवाखान्याची फाईल आणि एक साडी भाजीच्या पिशवीत घेतली. गेटपाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं की मी चप्पल घातलेली नाही.

"तुम्ही?"

"फोन कोण उचलणार? उचलला नाही तर तो दहा मिनिटांत इथं असेल. सांगलीच्या रस्त्यावर तुम्हाला गाठायला त्याला वेळ लागायचा नाही. जा तू."

"वन्सं, ते तुम्हालाही..."

"जा म्हटलं ना."

गाडी दिसेनाशी झाली. मी गेट बंद केलं नाही. ते सताड उघडं ठेवलं आणि घरातून फोन ओढत, त्याची वायर पुरेल तेवढा, उंबऱ्यापर्यंत आणला. मग व्हरांड्याच्या पायऱ्यांवर मेथी घेऊन बसले. रस्त्यावरनं दिसेल अशी. घरात बसायचं नाही, एवढं मी रात्रीच ठरवलं होतं.

फोन वाजला.

"अक्का? केतकी कुठंय?"

"झोपलीय."

"उठव की."

"आत्ता कुठं डोळा लागलाय. राहू दे."

मेथीची पानं मी खुडत होते आणि देठांबरोबर पानंही टाकून देत होते. रस्त्यावर कुठल्याही मोटारसायकलचा आवाज आला की मान वर व्हायची. गेली की परत पानं. फोन वाजला.

"उठली?"

"आंघोळीला गेलीय."

"झोपली होती ना?"

"उठली, म्हणून गेली. घाम आला होता."

त्याचा श्वास ऐकू येत होता. मग फोन कट झाला. मला वाटलं, आता निघाला. उठून उभी राहिले, बसले. सांगली किती लांब पडतं याचा हिशोब मनात लावत राहिले आणि दर वेळी तो चुकत होता.

तो आला तेव्हा मोटारसायकल गेटमध्येच थांबवली. उघडं गेट पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. काही न बोलता माझ्या शेजारून आत गेला. बाथरूमचं दार वाजलं, खोलीचं दार वाजलं, कपाट उघडल्याचा आवाज आला. मग घर शांत झालं. ती शांतता मला आवाजापेक्षा जास्त सोसवेना.

तो बाहेर आला आणि माझ्यापासून दोन पायऱ्या वर बसला. चेहरा अगदी शांत होता.

"कुठं पाठवलीस?"

"सांगणार नाही."

"अक्का, तिला बरं नाही. मी तुला सांगितलं होतं. ती जिवाचं काहीतरी करून घेईल, आणि जबाबदार तू असशील."

"हे वाक्य मी आधी ऐकलंय, महेन."

"मीच सांगितलं की तुला."

"तू नाही. तात्यांनी. आई जायच्या आधी महिनाभर तात्या हेच सांगत हिंडत होते. काकीला, पाटलांना, दळपाच्या बाईला. हिचं डोकं ठिकाणावर नाही, जिवाचं काहीतरी करून घेईल, लक्ष ठेवा. डोळ्यांत पाणी आणून सांगायचे."

"आईचं डोकं फिरलंच होतं," तो म्हणाला. "सगळं गाव म्हणतं. विहिरीत उडी टाकली तिनं."

"तू तेव्हा बालवाडीत होतास. मी नववीत होते. ती जायच्या आधी तिचा आवाज असाच बसला होता. मानेला पदर गुंडाळून असायची. एकदा पहाटे स्वतःचं लुगडं धूत बसली होती, आणि मी विचारलं तर रडायला लागली. आणि तिला पोहता येत होतं, महेन. कृष्णाकाठची होती ती. पुरात पोहायची. आपल्या विहिरीत ती बुडेल होय?"

तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, रडेल. लहानपणी मीच त्याला न्हाऊ घातलं होतं, मीच शाळेत सोडलं होतं, ताप आला की माझ्याच मांडीवर झोपायचा. मी हात पुढं केला.

त्यानं माझं मनगट धरलं. जोरात नाही. उभा राहिला आणि मलाही उठवलं.

"आत चल, अक्का," तो म्हणाला. "आत बसून बोलू."

"इथंच बोल."

"लोक बघतात. आत चल."

आवाज इतका मऊ होता की कुणाला ऐकू गेला असता तर वाटलं असतं, किती मायेनं बोलतोय. अंगठा माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला, शिरेवर होता, आणि तो हळूहळू दाबत होता. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि तिथं माझा भाऊ कुठं सापडतो का ते शोधलं. माझ्या सख्ख्या भावाची मला भीती वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदा.

कुंपणापलीकडं काकू उभ्या होत्या. शेवयांचं ताट हातात तसंच.

"सुलोचनाबाई," त्या मला म्हणाल्या, मोठ्यानं, रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "तुमचे यजमान आमच्याकडं निरोप ठेवून गेलेत. इकडं या जरा. मी इथंच उभी आहे."

निरोप वगैरे काही नव्हता. काकूंनी सकाळी गाडी पाहिली होती, केतकीला पाहिलं होतं, आणि त्यांचं त्यांना उमगलं होतं.

महेंद्रचा हात सुटला. मी पायऱ्या उतरले. मेथी, पिशवी, चप्पल, सगळं तिथंच टाकून अनवाणी गेटमधून बाहेर पडले. रस्ता तापला होता. मागं वळून पाहिलं नाही. तो मागून येतोय की नाही तेही कळत नव्हतं. काकूंच्या ओसरीवर पोचले आणि खाली बसले.

सांगलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी केतकीची मान तपासून, बारीकसारीक लिहून घेतलं. यजमानांना बाजूला घेऊन म्हणाल्या, गळा धरणारा माणूस पुढच्या वेळी वेळेत हात काढेल याचा भरवसा नसतो. तक्रार झाली, कोर्ट झालं, घटस्फोटही झाला. केतकीला मुलगी झाली. कोर्टात मी साक्ष दिली, त्या दिवसापासून महेंद्रनं माझ्याशी नातं तोडलं. भावकीतल्या बायका मला हळदीकुंकवाला बोलवेनाशा झाल्या. तात्यांचं नाव काढलं म्हणून चुलत्यांनी दारात उभं केलं नाही. या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली.

हे आज सांगतेय त्याला कारण आहे. गेल्या महिन्यात तासगावकडचं एक कुटुंब माझ्या घरी आलं. आई, वडील आणि त्यांची मुलगी, तिशीची, बँकेत नोकरीला. महेंद्रचं स्थळ आलं होतं. चौकशीला म्हणून कुणीतरी माझा पत्ता दिला होता.

"तुमचे बंधू कसे आहेत स्वभावानं?" वडिलांनी विचारलं.

"मुलगी देऊ नका," मी म्हटलं.

वडिलांनी कप खाली ठेवला. "बाई, सख्ख्या भावाबद्दल असं सांगताय?"

"सख्खा आहे म्हणूनच सांगतेय."

"आम्ही तर ऐकलं, फार शांत माणूस आहे. एक शब्द मोठ्यानं बोलत नाही."

"नाही बोलत," मी म्हटलं.

त्यांना ते पटलं नसावं. भावाबहिणीचा काही जमिनीचा वाद असेल, असा चेहरा करून ते उठायला लागले. आईही पदर सावरून उठली. मुलगी मात्र बसून राहिली.

"त्यांच्या पहिल्या मिसेस कुठं असतात?" तिनं विचारलं. "मला त्यांना भेटायचंय."

"तिचा पत्ता मी कुणालाच देत नाही, बाळ. तुलाही नाही. राग मानू नकोस. तुला जे विचारायचंय ते मला विचार."

तिनं पर्समधून स्वतःचा फोन काढून मांडीवर ठेवला.

"आठवड्याभरापूर्वी आम्ही दोघं सांगलीला जेवायला गेलो होतो," ती हळू म्हणाली. "माझा ऑफिसचा फोन आला. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि खिशात ठेवला. हसत. घरी सोडेपर्यंत दिला नाही. मी आईला सांगितलं तर आई म्हणाली, प्रेम आहे म्हणून करतात." तिनं मान वर केली. "ते काय होतं?"

तिचे वडील दाराशी पोचले होते. ते तिथंच थांबले, मुलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि परत येऊन खुर्चीत बसले.